चरणाऱ्या जनावरांचे डोळ्यांचे विकार : ओळख व उपचार

गिरगावातील खोताच्या वाडीतून बाहेर पडून समुद्राच्या दिशेने चालू लागले, तर थोड्याच वेळात चर्नी रोडचे रेल्वे स्थानक लागते. या नावाचा संबंध गुरांच्या चरणीशी जोडला जातो. 1838 साली मुंबईत गुरे चारण्यावर सरकारने शुल्क बसविले व ते अनेक गुरेमालकांना परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी ठाकुरद्वाराजवळची समुद्रकाठची गवताळ जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेऊन तेथे गुरांना विनाशुल्क चरू दिले, असे सांगतात. त्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे 1834 साली, जवळच भुलेश्वर येथे पांजरपोळ संस्था स्थापन झाली होती. पुढे 1886 साली परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज गिरगावात चरणीची जमीन राहिलेली नाही. पांजरपोळीतील गाईंना चारा जागेवर आणून घालावा लागतो. परंतु कोकणातील वरकस जमिनी, घाटमाथ्यावरील कुरणे, देशावरील माळराने व विदर्भातील जंगलालगतची गायराने यांवर आजही गुरांचे कळप सकाळी जातात व संध्याकाळी परततात. अशा चरणाऱ्या जनावरांना होणाऱ्या डोळ्यांच्या विकारांचा विचार या लेखात केला आहे.

डोळ्याचा विकार सुरुवातीस किरकोळ वाटतो. जनावराच्या डोळ्यांतून पाणी येते, गुराखी ते पाहतो, आणि 'काहीतरी लागले असेल, दोन दिवसांत जाईल' असे म्हणून सोडून देतो. कित्येकदा ते जातेही. परंतु काही विकारांत हेच दोन-तीन दिवस निर्णायक असतात. या अवधीत उपचार झाला, तर डोळा स्वच्छ राहतो. न झाल्यास फूल पडते व प्रसंगी डोळा कायमचा जातो. एक डोळा गेलेला बैल जोडीत बिचकत चालतो व बाजारात त्याची किंमत उतरते. डोळा दुखणारी गाय उन्हात चरत नाही, त्यामुळे तिचे दूध घटते. वासराची वाढ खुंटते. म्हणून पाणी येणारा डोळा पाहताच तो कोणत्या कारणाने पाणावला आहे, हे ओळखण्याची सवय प्रत्येक गोपालकाने लावून घेतली पाहिजे.

निरोगी डोळा कसा असतो?

विकार ओळखण्यापूर्वी निरोगी डोळा नीट पाहिलेला असावा. निरोगी जनावराचा डोळा ओलसर, चकचकीत व पूर्ण उघडा असतो. बुबुळासमोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. फूल पडते ते या पारपटलावर. पापणी हलक्या हाताने उलटली असता आतील त्वचा फिकट गुलाबी दिसते. नाकाकडील कोपऱ्यात एक तिसरी पापणी असते. ती शरीराचा नैसर्गिक भाग असून डोळ्याचे रक्षण करते. दुखणाऱ्या डोळ्यात ती पुढे सरकून सुजलेली दिसते, म्हणून ती वाढलेले मांस समजून कोणीही कापू नये. मात्र तिच्यावर किंवा पापणीच्या कडेवर फुलकोबीसारखी खडबडीत गाठ वाढू लागली, तर ती कर्करोगाची असू शकते. गाठ लहान असतानाच शस्त्रक्रिया केल्यास गुण येण्याची आशा असते.

तपासणीसाठी सावलीची जागा निवडावी. जनावर घट्ट धरावे, विजेरीचा प्रकाश बाजूने टाकावा व दोन्ही डोळ्यांची तुलना करावी. दृष्टी पाहावयाची असल्यास बाजूने हात डोळ्याजवळ न्यावा. हात पापणीच्या केसांना लागू नये व त्याचा वाराही लागू नये. नाही तर आंधळे जनावरही स्पर्शाने डोळा मिटते व आपली फसवणूक होते.

चार प्रश्न

डोळ्यांतून पाणी आणणारी कारणे अनेक असली, तरी पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निदानाची दिशा बरीचशी ठरते.

1. विकार एका डोळ्यात आहे की दोन्ही?
2. एकाच जनावरास आहे की कळपातील अनेकांस?
3. जनावर उजेड टाळून डोळा मिटून घेते काय, की डोळा उघडा ठेवते?
4. जनावरास ताप आहे काय, व ते चारा खाते काय?

निरोगी प्रौढ गाईचे तापमान साधारणतः 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तापमापक जवळ बाळगावा. चौथ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये.

एक जनावर, एक डोळा : कुसळ किंवा इजा

सकाळी चांगले असलेले एखादे जनावर संध्याकाळी एक डोळा घट्ट मिटून परतले व त्यास ताप नसला, तर प्रथम कुसळाचा किंवा इजेचा संशय घ्यावा. आश्विन-कार्तिकात माळावरील कुसळी गवत पक्व होते. त्याचे टोकदार कुसळ चरताना पापणीखाली शिरते व पापणीच्या प्रत्येक हालचालीबरोबर पारपटलावर घासत राहते. बाभळीचा काटा, दुसऱ्या जनावराचे शिंग व गुराख्याची काठी यांनीही अशीच इजा होते.

अशा वेळी डोळा खारट पाण्याच्या धारेने धुवावा. सैल असलेले कुसळ किंवा भुसा त्या धारेबरोबर वाहून जातो. पापणीच्या कडेवर दिसणारे कुसळ ओल्या स्वच्छ कापडाने टिपून घेता येते. परंतु पारपटलात रुतलेले कुसळ किंवा काटा गोपालकाने ओढून काढू नये. त्यामुळे पडद्यास छिद्र पडून आतील द्रव वाहून जाण्याचा धोका असतो. हे काम डोळा बधिर करून पशुवैद्यकच करू शकतो.

अनेक जनावरे : सांसर्गिक नेत्रदाह

एका जनावरापासून सुरू होऊन आठवड्याभरात कळपातील पाच-सहा जनावरांचे डोळे पाणावले, तर तो सांसर्गिक नेत्रदाह असण्याचा संभव अधिक. हा रोग मुख्यतः मोरॅक्सेला बोव्हिस नावाच्या जंतूंमुळे होतो. रोगी डोळ्याच्या पाण्यावर बसलेल्या माश्या दुसऱ्या जनावराच्या डोळ्यावर बसतात व रोग पसरवितात. रोगी डोळा पुसलेले फडके व न धुतलेले हातही हेच काम करतात. प्रखर ऊन, धूळ व उंच राठ गवत यांमुळे पारपटलावर सूक्ष्म ओरखडे उठतात आणि जंतूंना शिरकाव सोपा होतो. वासरे व तरुण जनावरे यांना हा रोग अधिक होतो. ज्यांच्या पापण्या गुलाबी, बिनरंगाच्या असतात, अशा पांढऱ्या तोंडाच्या संकरित गाईंची विशेष काळजी घ्यावी.

रोगाचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रथम डोळ्यांतून पाणी वाहते, जनावर उजेड टाळते व पापण्या सुजतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत पारपटलाच्या मध्यभागी बारीक पांढरा ठिपका दिसू लागतो. हा ठिपका म्हणजे व्रणाची सुरुवात होय. व्रण वाढला की संपूर्ण डोळा निळसर-पांढरा होतो, पाण्याच्या जागी पू येतो व कडेकडून लाल रक्तवाहिन्या मध्याकडे धावतात. या रक्तवाहिन्या पाहून पुष्कळ जण घाबरतात. वस्तुतः व्रण भरून येण्याच्या क्रियेचा तो भाग असतो. बहुतेक जनावरांचा डोळा काही आठवड्यांत निवळतो, परंतु अनेकदा पांढरा डाग मागे राहतो. व्रण खोल गेल्यास पारपटल फुटते व डोळा जातो.

ठिपका दिसण्यापूर्वी किंवा दिसताच उपचार सुरू होणे हे या रोगात सर्वांत महत्त्वाचे आहे. पशुवैद्यक बहुधा दीर्घकाळ परिणाम करणारे ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन देतात किंवा डोळ्याच्या आवरणाखाली योग्य प्रतिजैविक टोचतात. नुसते मलम लावावयाचे झाल्यास ते अश्रूंबरोबर लवकर वाहून जाते, म्हणून दिवसातून अनेक वेळा लावावे लागते. चरणाऱ्या जनावरांच्या बाबतीत हे सहसा साधत नाही. प्रतिजैविक दिल्यानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस दूध विक्रीस किंवा घरी वापरू नये. बरे दिसणारे जनावरही काही काळ जंतू बाळगून असते, हे ध्यानात ठेवावे.

डोळ्यातील जंत

पावसाळ्यात डोळ्यांतून सतत पाणी येते, उपचाराने थोडे कमी होऊन पुन्हा वाहू लागते, अशी तक्रार असल्यास डोळ्यात जंत आहेत काय ते पाहावे. थेलाझिया जातीचे हे जंत पांढऱ्या बारीक दोऱ्यासारखे, सुमारे एक ते दोन सेंटिमीटर लांबीचे असतात व तिसऱ्या पापणीखाली दडून राहतात. पापणी हलकेच बाजूला केली असता ते वळवळताना दिसतात. हे जंतही माश्यांमार्फतच पसरतात. माशी डोळ्यातील पाणी पिताना जंताची पिले घेते व ती वाढल्यावर दुसऱ्या डोळ्यात सोडते. डोळा बधिर करून जंत काढणे व जंतनाशक औषध देणे हे यावरील उपचार होत. आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधे दुभत्या जनावरांस चालत नाहीत, म्हणून ती दुकानातून परस्पर आणून टोचू नयेत.

डोळा स्वच्छ, पण दिसत नाही

डोळ्यांतून पाणी नाही, डोळा पांढरा नाही, तो उघडाही आहे. परंतु दिवेलागणीनंतर जनावर दावणीला, गव्हाणीला किंवा दारास धडकते. हे रातांधळेपणाचे लक्षण असून त्याचे कारण चाऱ्यात असते. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटिनपासून जनावराच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत माळावर वाळलेल्या काड्यांखेरीज काही नसते. जुना कडबा व पावसात भिजून पांढरे पडलेले गवत यांत कॅरोटिन जवळजवळ नसते. शरीरातील साठा संपला की प्रथम अंधारात दिसेनासे होते. बाहेरचा चारा खाणाऱ्या, बांधलेल्या जनावरांतही हा धोका तेवढाच असतो. गाभण गाईस दीर्घकाळ हिरवे मिळाले नाही, तर वासरू जन्मतः आंधळे किंवा दुर्बळ निपजते, आणि असे जन्मांध वासरू पुढे उपचाराने सुधारत नाही.

संशय आल्यास संध्याकाळी गोठ्याच्या वाटेत गवताचा भारा ठेवून जनावर त्यास वळसा घालते की धडकते, हे पाहावे. उपचार म्हणून पशुवैद्यक अ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. प्रतिबंध शेतकऱ्याच्या हाती आहे. विहिरीच्या पाटाकडेला दोन-चार वाफे लसूणघास, बांधावर हादगा व शेवगा, आणि पाणी असल्यास उन्हाळी मका एवढी सोय असली, तरी गाभण गाईपुरता हिरवा घास वर्षभर मिळू शकतो. नवजात वासरास चीक अवश्य पाजावा. त्यात अ जीवनसत्त्व विपुल असते.

आंधळेपणा एकाएकी आला, जनावर दात खाऊ लागले, भिंतीस डोके टेकून उभे राहिले किंवा त्यास झटके येऊ लागले, तर तो मेंदूचा विकार किंवा शिशाची विषबाधा असू शकते. टाकून दिलेल्या बॅटऱ्या व रंगाचे डबे चाटल्याने शिसे पोटात जाते. अशा वेळी एक तासही दवडू नये.

डोळ्यात दिसणारे शरीराचे रोग

दोन्ही डोळे एकाच वेळी बिघडले व बरोबर ताप आहे, तर केवळ डोळ्यांवर उपचार करून भागणार नाही. सर्रा रोगात ताप येतो, जनावर गोल फिरते, आणि डोळे पाणावून पांढरट होतात; हा रोग चावणाऱ्या मोठ्या गोमाश्यांमुळे पसरतो. लम्पी त्वचारोग 2022 साली महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर फैलावला, तेव्हा अंगावरील गाठींबरोबर डोळ्यांतून पाणी येणे व पारपटलावर व्रण होणे ही लक्षणे अनेकांनी पाहिली असतील. गोचीड तापात पापणीची आतील त्वचा फिकट पडते व तिच्यावर बारीक रक्ताचे ठिपके दिसू शकतात.

चरणाऱ्या जनावरांत घाणेरीची विषबाधाही लक्षात ठेवावी. टंचाईत जनावरे घाणेरीचा पाला खातात. त्याने यकृत बिघडते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, शेण घट्ट होते, आणि नाकपुडीची व पांढऱ्या केसांखालील त्वचा उन्हाने सोलते. असे जनावर तत्काळ गडद सावलीत आणून दवाखान्यास कळवावे.

पूर्वीच्या पिढीत ताप व डोळ्यांतील पाणी दिसले, की बुळकांडीचे भय वाटे. लसीकरणाच्या दीर्घ मोहिमेनंतर 2011 साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. वेळेवर खबर देण्याची सवय मात्र तेव्हाइतकीच आजही आवश्यक आहे.

घातक घरगुती उपाय

डोळा पांढरा झाला, की त्यात तंबाखूची पिंक टाकणे, मीठ किंवा साखर भरणे, मोरचूद लावणे, शंख उगाळून घालणे असे उपाय केले जातात. 'आमच्या बैलास याने गुण आला' असे सांगणारेही भेटतात, व ते खोटे बोलत नसतात. पारपटलावरील किरकोळ व्रण काही दिवसांत आपोआपच भरून येतो, आणि त्याचे श्रेय त्या काळात जे काही घातले असेल त्यास मिळते. परंतु तिखट किंवा दाहक पदार्थाने व्रण अधिक खोल जाऊन ज्या जनावरांचे डोळे जातात, त्यांची गणना कोणी करीत नाही. शेतकऱ्यांशी बोलताना त्यांच्या अनुभवाची थट्टा न करता ही गोष्ट समजावून सांगावी.

औषधाच्या दुकानातून आणलेले मलमही असेच घातक ठरू शकते. त्यात स्टिरॉइड असल्यास डोळ्याची लाली एक-दोन दिवसांत कमी होते व बरे वाटते. परंतु व्रण असल्यास तो भरून येण्याचे थांबते व पारपटल फुटू शकते. व्रण आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी पशुवैद्यक फ्लोरेसीन नावाचा रंग डोळ्यात घालतात. व्रणाची जागा हिरवी दिसते. ही परीक्षा झाल्याखेरीज स्टिरॉइडयुक्त मलम वापरू नये.

प्रथमोपचार

1. एक लिटर पाणी उकळून गार करावे व त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवावे. या पाण्याच्या हलक्या धारेने डोळा दिवसातून दोन-तीन वेळा धुवावा. मिठाचे प्रमाण वाढवू नये.
2. डोळ्याखालचा चिकटा स्वच्छ कापसाने टिपावा. प्रत्येक डोळ्यास नवा बोळा घ्यावा व वापरलेले बोळे जाळावेत.
3. रोगी जनावर कळपातून वेगळे करून सावलीत, कमी उजेडाच्या पण हवेशीर जागी बांधावे. चारा व पाणी जागेवर द्यावे.
4. आधी निरोगी जनावरांचे काम करावे, नंतर रोगी जनावरांचे. मध्ये हात साबणाने धुवावेत.
5. दुसऱ्या दिवशी डोळा पूर्ण उघडला नाही, किंवा पारपटलावर ठिपका दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

वर्षभराची दक्षता

आषाढ ते भाद्रपद हा माश्यांचा काळ. माश्या ताज्या शेणात अंडी घालतात, म्हणून शेण रोज उचलून खड्ड्यात टाकावे व खड्डा झाकावा. गोठ्यात मूत्र साचू देऊ नये. त्याच्या उग्र वाफेनेही डोळे चुरचुरतात. माश्यांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करण्याची चाल चांगली आहे, परंतु बंद गोठ्यात दाट धूर कोंडल्यास तोच डोळ्यांना अपाय करतो. म्हणून धुरी वाऱ्याच्या बाजूस, गोठ्याबाहेर करावी. कुसळी गवत फुलोऱ्यावर असतानाच कापावे. त्यामुळे कुसळाचा त्रास टळतो व चाराही सकस मिळतो. उन्हाळ्यात गाभण जनावरांसाठी हिरव्या चाऱ्याची तरतूद आधीच करून ठेवावी. बाजारातून आणलेले जनावर कळपात सोडण्यापूर्वी किमान तीन आठवडे वेगळे ठेवून त्याचे डोळे पाहत राहावे.

ग्रामसेवक, पशुसखी व इतर कार्यकर्ते यांनी गावातील गुराख्यांना हाताशी धरावे. दिवसभर कळपाबरोबर असणाऱ्या गुराख्यास विकार सर्वांआधी दिसतो, आणि बहुतेक वेळा त्यास कोणी विचारीत नाही. संध्याकाळी गुरे गावात शिरताना वेशीवर उभे राहून कोणत्या जनावराच्या गालावर ओली रेघ आहे हे पाहण्यास त्यास शिकवावे. ज्या दिवशी रेघ दिसली तो दिवस, कोणता डोळा आणि किती जनावरे, एवढी नोंद वहीत ठेवून ती पशुवैद्यकास दाखवावी. या नोंदीमुळे निदान लवकर होते व उपचार वेळेत सुरू होतात. गोपालक बंधुभगिनींनी या पावसाळ्यापासूनच ही पद्धत आपल्या गावी सुरू करावी, अशी विनंती आहे.